कोंबड्या पावसाने कमी, चिखलाने जास्त जातात; परसात जाळीचा वाडा बांधण्याआधी पाण्याची वाट काढा

आखाड लागला की गावरान कोंबडीचा भाव चढतो. पाहुणेरावळे, देवाचं कारण, श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, सगळ्यालाच कोंबडी लागते. आणि नेमक्या याच दिवसांत परसातल्या कोंबड्या मान टाकायला लागतात. आज एक पिल्लू, उद्या दोन, आणि आठवड्याभरात निम्मं खुराडं रिकामं. अंड्या-कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. जूनमध्ये वह्या-पुस्तकांना आणि आखाडात घरखर्चाला त्याचाच आधार असतो. तोच पैसा असा डोळ्यांदेखत जातो आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं, "पावसानं गेल्या."

हे अर्धंच खरं आहे. धडधाकट मोठी कोंबडी पावसात भिजली तरी अंग झाडते, वळचणीला उभी राहते आणि थोड्या वेळात कोरडी होते. तिला त्रास होतो तो पायाखाली आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या ओलीचा. विष्ठा, सांडलेलं खाद्य आणि पाणी एकत्र कालवून झालेला चिखल हे कोंबडीच्या बऱ्याच पावसाळी दुखण्यांचं घर आहे.

हल्ली कुत्री, मुंगसं आणि शेजाऱ्याची तक्रार यांच्या धाकाने बरेच जण खुराड्याला लागून जाळीचा वाडा बांधतात. कल्पना चांगली आहे. पण मोकळ्या कोंबड्या दिवसभर चार परसं फिरतात, चिखल दिसला की कोरडी जागा शोधतात. जाळीत कोंडलेल्या कोंबडीला ती सोय नसते. म्हणून वाडा बांधताना खर्चाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जमीन आणि पाण्याची वाट, मग पत्रा आणि सगळ्यात शेवटी जाळी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो.

चिखलात नेमकं काय होतं?

पहिला धोका रक्ती हगवणीचा. डॉक्टर याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. या रोगाचे जंतू आजारी किंवा वरून चांगल्या दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतूनही बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या ते रोग करू शकत नाहीत. त्यांना 'पिकायला' ऊब, ओल आणि हवा लागते. पावसाळ्यात तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात आणि एक-दोन दिवसांत ते तयार होतात. मग चिखलात चोच मारणाऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना याचा फटका जास्त बसतो. पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात बसतं, तुरा फिका पडतो, विष्ठेत रक्त दिसतं. हेच जंतू कोरड्या, उन्हात तापलेल्या जमिनीवर फार टिकत नाहीत.

दुसरा धोका जंतांचा. त्यांची अंडीही ओल्या जमिनीत जास्त दिवस जगतात. तिसरा पायांचा. सतत ओल्या जागेत तळव्याची कातडी मऊ पडते, खडा-काटा लागला की जखम होते आणि आत पू धरून गाठ येते. कोंबडी लंगडते, खाद्यापाशी मागे पडते, अंडी बंद करते. चौथा धोका हवेचा. ओली विष्ठा कुजली की अमोनियाचा उग्र वास सुटतो. खुराड्यात वाकल्यावर माणसाचे डोळे चुरचुरत असतील, तर रात्रभर तिथे बसणाऱ्या कोंबडीच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

बरेच जण चिखलावर चुना टाकतात. चुन्याने वास थोडा कमी होतो, पण रक्ती हगवणीच्या जंतूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय ओला चुना पाय भाजतो. चिखलावर पेंढा किंवा पाचट टाकलं तर दोन दिवस बरं वाटतं, मग तेच भिजून बुरशी धरतं. ती बुरशी श्वासातून गेली तर पिल्लांची छाती भरते. म्हणून चिखल झाकण्यापेक्षा तो होऊ न देणं स्वस्त पडतं.

पाणी किती आणि कुठून येतं?

याचा हिशोब सोपा आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. २० कोंबड्यांसाठी १० बाय २० फुटांचा वाडा धरला, तर ती जागा २०० चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर होते. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला की वाड्यावर थेट पडणारं पाणी झालं सुमारे ९३० लिटर. म्हणजे २०० लिटरचे साडेचार ड्रम.

आता घराच्या पत्र्याकडे बघा. परसाकडे उतरणारी बाजू ३० बाय १० फुटांची असेल, तर त्याच पावसात तिथून सुमारे १,४०० लिटर पाणी खाली येतं. म्हणजे सात ड्रम. वाडा जर त्या वळचणीखालीच असेल, तर आभाळातून येतं त्याच्या दीडपट पाणी आपल्याच घराच्या छपरावरून वाड्यात येतं. त्यात वरच्या बाजूच्या रानातून, रस्त्यावरून किंवा मोरीतून वाहत येणारं पाणी वेगळं.

म्हणून फावडं हातात घेण्याआधी एखाद्या जोराच्या पावसात छत्री घेऊन परसात दहा मिनिटं उभं राहा. पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठून निघून जातं ते बघा. पाऊस नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. डबकं दरवर्षी कुठे साचतं हे त्यांना नेमकं माहीत असतं. ती जागा सोडून वाडा बांधा. घराच्या वळचणीपासून निदान चार-पाच फूट अंतर ठेवा, किंवा तिथे आधी पन्हाळ बसवा.

खड्डा खणा, पाणी ओता, घड्याळ बघा

जमीन पाणी पिते की धरून ठेवते, हे कळायला सोपी चाचणी आहे. वाड्याच्या जागी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा आणि वेळ मोजा. पहिल्यांदा कोरडी माती जास्त पाणी पिते, म्हणून खरा अंदाज दुसऱ्या वेळीच येतो.

तासाभरात खड्डा रिकामा झाला, तर जमीन निचऱ्याची आहे. तीन-चार तास लागले तर मध्यम. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही दिसत असेल, तर त्या जमिनीत पाणी खाली जाणार नाही. त्याला वरूनच बाहेर काढावं लागेल. वाडा कसा बांधायचा हे याच उत्तरावर ठरतं.

तालुका बदलला की रीत बदलते

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. जमिनीही तशाच वेगळ्या. त्यामुळे एका गावात जमलेला वाडा दुसऱ्या गावात जसाच्या तसा चालत नाही.

*कराडकडची नदीकाठची काळी जमीन :* काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. अशा ठिकाणी नेहमी होणारी चूक म्हणजे फूटभर खोल खणून त्यात खडी भरायची. वरून वाडा छान दिसतो, पण खाली तो खड्डा म्हणजे पाण्याची टाकी होते. पाणी खडीत साचतं, कुजतं आणि आठवड्याभरात वर वास मारतं. काळ्या जमिनीत खाली जायचं नाही, वर यायचं. फक्त वरचा शेणकट, मऊ थर खरवडून काढा आणि भराव टाकून वाडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच करा.

*माण-खटावची मुरमाड माळजमीन :* इथे काम सोपं आहे. तीन-चार इंच माती काढून, उतार देऊन वर जाड वाळू टाकली तरी भागतं. खालच्या कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल शोषखड्डा घेऊन त्यात दगड-विटांचे तुकडे भरले की पाणी जिरतं. पण पाऊस कमी म्हणून दुर्लक्ष करू नका. परतीचा पाऊस एका रात्रीत महिन्याची कसर काढतो.

*पाटण, जावळी, महाबळेश्वरची डोंगरउताराची लाल जमीन :* इथे पाणी जिरतं, पण पडतं त्याहून जास्त वरच्या बाजूने वाहत येतं. म्हणून वाड्याच्या वरच्या अंगाला चर हवाच. एक फूट रुंद, एक फूट खोल, आणि वाड्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरणारा. या भागात निदान अर्ध्या वाड्यावर पत्रा घाला, नाहीतर पावसाच्या माऱ्याने वाळू वाहून जाते. पिल्लांसाठी जमिनीपासून दोन फूट उंच बांबूच्या कामट्यांचा माचा करावा. विष्ठा फटींतून खाली पडते आणि पिल्लू कोरडं राहतं.

माप आणि उतार

दिवसभर वाड्यात राहणाऱ्या मोठ्या कोंबडीला निदान १० चौरस फूट मोकळी जागा धरा. २० कोंबड्यांना २०० चौरस फूट. रात्री बसायच्या खुराड्यात दर कोंबडीला दोन चौरस फूट, म्हणजे २० कोंबड्यांना ५ बाय ८ फुटांचं खुराडं पुरतं. जागा कमी असेल तर कोंबड्या कमी ठेवा. दाटी झाली की कितीही चांगला निचरा केला तरी विष्ठेचाच चिखल होतो.

वाड्याचा उतार दर १० फुटाला अडीच इंच ठेवा. २० फूट लांबीला वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाच इंच. डोळ्याला हा उतार जाणवत नाही, पण पाण्याला पुरतो. यापेक्षा फार जास्त दिला तर वाळू घसरत खाली येते. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर लेव्हलची खूण करा आणि मग खालच्या खुंटीवर पाच इंच उतरून दोरी बांधा. खुराडं नेहमी वरच्या टोकाला हवं आणि त्याचं जोतं वाड्यापेक्षा फूटभर तरी उंच.

थर कसे टाकायचे?

काळ्या आणि मध्यम जमिनीसाठी तीन थर लागतात. हिशोब ब्रासमध्ये करणं सोपं आहे, कारण १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. २०० चौरस फुटांवर ६ इंचांचा थर म्हणजे बरोबर १ ब्रास, आणि ३ इंचांचा थर म्हणजे अर्धा ब्रास.

पहिला थर मुरमाचा, सरासरी ६ इंच, १ ब्रास. पाणी मारून धुमसाने घट्ट बसवायचा. उतार याच थराला द्यायचा, वरच्या नाही. धुमसल्यावर मुरूम खाली बसतो, म्हणून थोडा जास्त मागवा.

दुसरा थर २० मिलिमीटरच्या खडीचा, ३ इंच, अर्धा ब्रास. जुन्या घराच्या विटा-कौलांचे तुकडे फुकट मिळत असतील तर तेही चालतात. काच, खिळे, तारा मात्र निवडून काढा. खडीवर जुनी शेडनेट दुहेरी करून अंथरा, म्हणजे वाळू खडीत उतरत नाही. प्लॅस्टिकचा कागद अंथरू नका. त्याने पाणी तिथेच अडेल.

तिसरा थर जाड वाळूचा, निदान ३ इंच, अर्धा ब्रास. क्रश सँड घेत असाल तर धुतलेली, जाड कणांची मागा. क्रशरवरची बारीक भुकटी स्वस्त मिळते, पण ओली झाली की सिमेंटसारखी घट्ट बसते आणि पाणी वरच राहतं. घरची किंवा शेतातली माती वरून टाकण्याचा मोह टाळा. मूठभर मातीही वाळूच्या फटी बुजवते.

असं केल्यावर पावसाचं पाणी वाळू आणि खडीतून खाली जातं, घट्ट मुरमाला टेकतं आणि त्याच्या उतारावरून खालच्या कडेला येतं. ही कड विटांची किंवा दगडांची करा आणि तिथे दर दोन फुटांवर बोटभर फट ठेवा. फटीला आतून बारीक जाळी लावा, म्हणजे पाणी जाईल आणि वाळू राहील. ही फट विसरली तर सगळा खर्च वाया जातो, हे गवंड्याला आधीच बजावून सांगा.

मुरूम आणि नदीची वाळू गौण खनिजात येतात. परवान्याशिवाय उपसा केला तर दंड होतो. काम घरचं आणि छोटं असलं तरी माल पावतीचा घ्या किंवा आधी तलाठी कार्यालयात विचारा.

पत्र्याचं पाणी वाड्यात नको

खुराड्याच्या पत्र्याचा उतार वाड्याच्या उलट बाजूला द्या. ५ बाय ८ च्या खुराड्यावर चारही बाजूंनी छपरी धरून ८ बाय १० चा पत्रा बसतो. ५० मिलिमीटर पावसात त्यावरून सुमारे ३७० लिटर पाणी पडतं. हे पाणी कोंबड्यांच्या पायात पडलं तर पत्र्याखालीच ओल धरते. चार इंची पीव्हीसी पाईप उभा कापला की दोन पन्हाळी होतात. त्या तारेने बांधून टोक ड्रममध्ये सोडा. झाकण ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत.

खाद्याचं भांडं कायम पत्र्याखाली असावं. ओल्या खाद्याला चोवीस तासांत बुरशी लागू शकते आणि त्या बुरशीचं विष कोंबडीच्या लिव्हरवर जातं. पाण्याचं भांडं वाड्याच्या खालच्या टोकाकडे, दोन विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. त्याखाली खडीचा छोटा चौक केला की सांडलेलं पाणी तिथेच जिरतं. बऱ्याच वाड्यांत चिखलाची सुरुवात पावसाने नाही, या भांड्यापासून होते.

पत्र्याखालच्या एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची थंड राख ठेवा. कोंबडीला धुळीत लोळल्याशिवाय उवा-गोचीड कमी करता येत नाहीत. पावसाळ्यात बाहेर धूळ नसते, म्हणून ती आत द्यावी लागते.

आता जाळी

षटकोनी भोकांची हलकी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांना एक इंची किंवा त्याहून बारीक भोकांची वेल्डेड जाळी आणि वर हलकी जाळी घेतली तर खर्च आवाक्यात राहतो. कुत्रं आणि मुंगूस जमीन उकरून आत येतात. त्यासाठी जाळी एक फूट जमिनीत गाडा, किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवा. निचऱ्याच्या चरात जाळी तोडून वाट ठेवू नका. तिथेच मुंगसाला दरवाजा मिळतो.

बांबू थेट मातीत रोवला तर ओल आणि वाळवी त्याला एक-दोन पावसाळ्यांत खातात. रोवायच्या भागाला डांबर लावा किंवा लोखंडी अँगल, सिमेंटचे खांब वापरा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब सैल होतात, म्हणून तिथे दोन फूट खोल रोवा. वरून घारीसाठी जाळं ओढा. दरवाजा तीन फूट रुंद आणि माणूस उभा आत जाईल इतका उंच असावा. वाकून जावं लागलं की साफसफाई टळते, आणि साफसफाई टळली की चिखल होतो.

वाडा दिवसासाठी आहे. रात्री कोंबड्या बंद खुराड्यातच हव्यात. कराड-पाटण भागात बिबट्याचा वावर आहे. तिथे तर दिवेलागणीच्या आधी दार लावलंच पाहिजे.

निघालेलं पाणी कुठे सोडायचं?

वाड्यातून येणाऱ्या पाण्यात विष्ठा असते. ते विहीर किंवा बोअरकडे जाता कामा नये. निदान ५० फूट अंतर ठेवा आणि वाडा विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या. शेजाऱ्याच्या दारात किंवा भावकीच्या बांधावर पाणी सोडलं तर कोंबड्या राहतील बाजूला आणि भांडण चालेल वर्षानुवर्षं. चर आपल्याच हद्दीत केळी, पपई, अळूच्या वाफ्याकडे वळवा. या झाडांना पाणीही चालतं आणि खतही. ज्या पालेभाज्या कच्च्या खायच्या, त्यांच्या वाफ्यात मात्र हे पाणी नको. वाड्यातली गोळा केलेली विष्ठा पाचटाबरोबर ढिगात कुजवून मगच पिकाला द्या. ताजी टाकली तर रोप जळतं.

पाऊस सुरू झाला, वाडा तर चिखलातच आहे

हे काम खरं तर चैत्र-वैशाखातलं, मृग लागायच्या आधीचं. पण आताही हात बांधून बसायची गरज नाही. पुढच्या क्रमाने करा.

• पहिल्या दिवशी वरच्या बाजूला चर खणा आणि खालच्या बाजूला पाण्याला वाट द्या. नुसत्या कुदळीने तासा-दोन तासांचं काम आहे.

• घराच्या वळचणीचं पाणी पन्हाळीने किंवा पत्र्याच्या तुकड्याने दुसरीकडे वळवा.

• अर्ध्या वाड्यावर ताडपत्री तिरकी बांधा. सपाट बांधली तर मधे पाण्याचा पोटला धरतो आणि रात्री फाटतो.

• पाऊस उघडला की ताडपत्रीखालचा मऊ चिखल खोऱ्याने काढून टाका. खाली विटा-खडीचा थर, वर शेडनेट, वर वाळू.

• तोवर जुन्या फरशा, लाकडी फळ्या ठेवून कोंबड्यांना उभं राहायला कोरडी जागा द्या. आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं वाड्यात सोडूच नका.

वर्षभराची निगा

रोज सकाळी दाताळ्याने वरवरची विष्ठा ओढून काढायला दहा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा चर आणि विटांच्या फटी मोकळ्या करा. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपला की वरची इंच-दीड इंच वाळू काढून बागेत टाका आणि नवी भरा. जागा असेल तर वाड्याचे मधे जाळी घालून दोन भाग करा. एक भाग वापरात असताना दुसऱ्याला ऊन खाऊ द्या.

कोरड्या वाड्याने सगळेच रोग थांबत नाहीत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे आणि तो कोरड्या जागेतही येतो. त्याला लसच लागते. पावसाळ्याआधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि जंताच्या औषधाची चौकशी करा. विष्ठेत रक्त दिसलं, तर मेडिकलमधून अंदाजाने औषध आणण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आजारी कोंबडी लगेच वेगळी ठेवा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. चुना घालून खोल पुरा.

वाडा जमला की नाही, हे पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासात कळतं. आत जाऊन चार पावलं चाला आणि मागे वळून बघा. पावलांच्या ठशात पाणी भरलं असेल, तर उतार किंवा फट कुठेतरी चुकली आहे. दोरी लावून त्याच दिवशी दुरुस्त करा. ठसे ओले पण रिकामे असतील, तर जमीन तयार आहे, कोंबड्या बाहेर सोडायला हरकत नाही.